अण्णा बोलेनासे झाले ते दिवस

मी अकरा वर्षांची असताना अण्णांनी मला रंकाळ्याच्या काठावर सायकल शिकवली. अण्णा म्हणजे माझे वडील. मुलांच्या हायस्कुलात ते गणित शिकवायचे. स्वातंत्र्य मिळून वर्ष-दोन वर्षंच झाली होती. तेव्हा कोल्हापुरात परकर-पोलक्यातली मुलगी सायकलवर दिसली की माणसं मान वळवून बघायची आणि दोन-चार पोरं ओरडत मागे पळायची. अण्णांना त्याचं काही नसे. एका हातात धोतराचा सोगा आणि दुसऱ्या हातात सायकलचं कॅरिअर धरून ते माझ्यामागून धावायचे आणि धापा टाकत सांगायचे, "पुढं बघ, चिमणे, पुढं! चाकाकडं काय बघतीस?"

चिमणी हे माझं नाव नव्हे. घरात आणि शाळेत मला माझ्या नावानंच हाक मारत. चिमणी मी फक्त अण्णांची.

मंगळवार पेठेत आमच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. अण्णा, आई, आत्या, मी आणि माझा सात वर्षांचा धाकटा भाऊ. आत्या अण्णांची मोठी बहीण. लग्नानंतर वर्षभरातच तिचा नवरा गेला होता आणि तेव्हापासून ती भावाकडेच होती. अण्णा तिला अक्का म्हणत आणि तिचा शब्द सहसा मोडत नसत. घरातलं सोवळंओवळं, सणवार, कुणी कुठं बसायचं, कुणी किती वाजता घरी यायचं, हे सगळं आत्याकडे. आई त्या बाबतीत कधी बोलायची नाही. बोलायचीच मुळात कमी.

अण्णांची आणि माझी काही ठरलेली कामं होती. संध्याकाळी आम्ही दोघं दुधाच्या कट्ट्यावर जायचो. आसपासच्या गावांतले शेतकरी तिथं म्हशी घेऊन यायचे आणि समोर धार काढून पेला हातात द्यायचे. कोमट, फेसाळ दूध. मी पिऊन झालं की अण्णा आपल्या उपरण्याच्या टोकानं माझ्या ओठावरचा फेस पुसायचे. आणि परीक्षेचे दिवस आले की आम्ही पेपर तपासायला बसायचो. तपासायचे ते, पण एकेका प्रश्नाचे गुण ते मोठ्यानं वाचायचे आणि मी तोंडी बेरीज करून सांगायची. "सात, साडेतीन, चार, नऊ." "साडेतेवीस." माझी बेरीज चुकत नसे. चुकली तर अण्णा नुसती भुवई उचलायचे, आणि मी पुन्हा करायची. मला वाटायचं, माझ्याशिवाय त्या मुलांचे निकालच लागणार नाहीत.

मी तेरा वर्षांची झाले, त्या दिवाळीच्या आधी मला बाजूला बसावं लागलं. पहिल्यांदाच. मी घाबरून आईकडे गेले, आईनं आत्याला सांगितलं, आणि आत्यानं मागच्या दाराजवळ एक घोंगडी आणि वेगळं ताट-भांडं ठेवून दिलं. काय झालंय, का झालंय, हे कुणी नीट सांगितलं नाही. आई एवढंच म्हणाली, "सगळ्यांना होतं. घाबरू नकोस." धाकटा भाऊ लांबूनच विचारत होता, "ताईला काय झालंय? कावळा शिवला म्हणजे कुठं शिवला?"

चार दिवस संपले. पाचव्या दिवशी मी न्हाऊन पुढच्या खोलीत आले. अण्णा वर्तमानपत्र वाचत बसले होते. मी नेहमीसारखी त्यांच्या खुर्चीच्या हाताला टेकून उभी राहिले. अण्णा उठले, पत्र घडी करून ठेवलं आणि बाहेर जाऊन चपला घालू लागले. मला वाटलं, शाळेला उशीर झाला असेल.

संध्याकाळी कट्ट्यावर जायची वेळ झाली तेव्हा ते भावाला घेऊन गेले. त्याला सायकलच्या दांडीवर बसवलं. मी दारात उभी होते. आत्या आतून म्हणाली, "आता तिचं काय काम तिथं? आणि ती सायकलही पुरे. मोठी झाली." अण्णांनी ते ऐकलं. मी त्यांच्याकडे बघत होते, ते काहीतरी म्हणतील म्हणून. त्यांनी पेडलवर पाय ठेवला आणि गेले. भाऊ परत आला तो ओठावर पांढऱ्या मिश्या घेऊन. त्याचं तोंड कुणी पुसलंच नव्हतं.

त्यानंतर अण्णा माझ्याशी बोलायचे थांबले. रागावले नाहीत, ओरडले नाहीत. फक्त मला सांगायचं ते आईला सांगू लागले. मी समोर असताना. "तिला म्हणावं, पुस्तकं खिडकीतून काढ, ओल येईल." "तिला विचार, वही संपली का." चिमणी ही हाक तर बंदच झाली. पेपर तपासायचे गठ्ठे आले, तेव्हा अण्णा ते घेऊन शाळेतच थांबू लागले.

माझ्या डोक्यात एकच आलं, माझ्याकडून काहीतरी मोठं चुकलंय. मी रोज आठवून बघायची. उन्हाळ्यात त्यांची शाईची दौत माझ्या हातून फुटली होती, ते असेल का? शेजारच्या काकूंना मी उलट बोलले होते, ते कानावर गेलं असेल का? आणि सगळं आठवून झालं की मनाच्या तळाशी दुसरंच काहीतरी असायचं. माझ्या शरीराला जे झालं होतं, त्याचीच अण्णांना किळस आली आहे. ते मी कुणाला बोलू शकत नव्हते. स्वतःशीसुद्धा शब्दांत म्हणत नव्हते. मग मी जेवताना अण्णांच्या पंगतीला बसेनाशी झाले. वाकून चालू लागले. आई म्हणायची, "सरळ चाल गं." मला वाटायचं, जितकी कमी दिसेन तितकं बरं.

सहामाहीत भूमितीत मला एकतीस गुण मिळाले. अण्णांच्या मुलीला, भूमितीत, एकतीस. प्रगतिपुस्तक मी आईच्या हातात दिलं आणि दाराआड उभी राहिले. मला वाटलं, आता तरी रागावतील. मनातून मला ते हवंच होतं. अण्णांनी पुस्तक उघडलं, बराच वेळ बघितलं, सही केली आणि टाक पुसून ठेवला. मी त्या दिवशी न्हाणीघरात जाऊन तोंडात परकराचा काठ कोंबून रडले.

या सगळ्यात मला एक मैत्रीण होती. कळंब्याची. तिचे वडील शेतकरी, आणि ती रोज कळंब्याहून चालत आमच्या मुलींच्या शाळेत यायची. इंग्रजी चौथीच्या वर्गात आम्ही एका बाकावर बसायचो. उंच, काळीसावळी, हातात ताकद. शाळेत धावण्यात तिच्या पुढं कुणी नव्हतं. मास्तरीणबाई वर्गात आल्या तरी तिचा आवाज खाली येत नसे. ती एक दिवस मला म्हणाली, "तू अशी मेल्यावानी का बसतीस गं आजकाल? रविवारी आमच्यात ये. गुऱ्हाळ लागलंय."

आईनं आत्याला न विचारता मला जाऊ दिलं. हे नवलच होतं, पण तेव्हा माझ्या ते ध्यानात आलं नाही.

गुऱ्हाळावर मोठ्या काहिलीत उसाचा रस उकळत होता. धुराचा आणि गुळाचा वास लांबूनच येत होता. माझ्या मैत्रिणीचे वडील, त्यांना ती आबा म्हणायची, काहिलीशी उभे राहून सगळ्यांवर ओरडत होते. त्यांचं साधं बोलणंच ओरडण्यासारखं होतं. मला बघून म्हणाले, "मास्तरांची न्हवं तू? ये, ये. आगं, हिला रस द्या आधी. कसली वाळलीया पोरगी, हिच्या घरात खायाला घालत न्हाईत काय?" मैत्रीण म्हणाली, "आबा, असं कुणी बोलतं व्हय?" "मग कसं बोलतात? तू शिकव मला. शाळंत जातीस न्हवं?" दोघं किती तरी वेळ भांडत होती. मी रस पीत बघत राहिले. भांडता भांडता मध्येच दोघंही हसायची.

दुपारी ती उसाच्या फडातून पळत आली आणि तिच्या पायात काटा मोडला. आबा खाटेवर टेकले होते. "आण हिकडं," म्हणाले आणि तिचा धुळीनं भरलेला पाय त्यांनी आपल्या मांडीवर घेतला. चांगली चौदा वर्षांची, त्यांच्या खांद्याला लागणारी मुलगी. पण त्यांनी अंगठ्यानं तळवा दाबून काटा शोधला, सुईनं तो अलगद वर काढला आणि वर गुळाचा चटका दिला. ती ओरडत होती, शिव्या देत होती. ते म्हणत होते, "गप बस, बया. नांगर वढायला लावीन."

मी उभी होते तिथंच खाली बसले आणि मला रडू फुटलं. एवढ्या माणसांत. थांबवता येईना. मैत्रिणीची आई धावत आली, पाणी आणलं. आबा सुई हातात घेऊन तसेच बसून राहिले. मग म्हणाले, "काय झालं गं लेकी? कुणी काय बोललं?"

मी म्हणाले, "अण्णा माझ्याशी बोलत नाहीत."

"कधीपासनं?"

"दिवाळीपासनं."

"काय केलंस?"

"काही नाही. मोठी झाले."

मैत्रिणीच्या आईला ते लगेच कळलं. तिनं मला जवळ ओढलं. आबा उठून काहिलीकडे गेले. मी घरी निघाले तेव्हा त्यांनी काकवीचा एक पत्र्याचा डबा माझ्या हातात द्यायला काढला, मग म्हणाले, "र्‍हाऊ दे, जड हाय. उद्या मीच आणून देतो."

दुसऱ्या दिवशी खरंच आले. अण्णा नुकतेच शाळेतून आले होते. आबांनी उंबऱ्यात डबा ठेवला. आईनं पाटावर बसायला सांगितलं, पण ते बसले नाहीत. पागोटं सारखं करत म्हणाले, "मास्तर, काय बी समजा. तुमची लेक काल माझ्या दारात बसून हमसून हमसून रडली. म्हणती, अण्णा बोलत न्हाईत. पोरीची जात हाय, आज हितं हाय, उद्या दुसऱ्याच्या घरात. बोला की तिच्यासंगं. तोंडाला काय कुलूप घातलंय काय?" एवढं बोलून त्यांनी रामराम केला आणि निघून गेले.

अण्णांचा चेहरा लालबुंद झाला. मी स्वयंपाकघरात भिंतीला चिकटून उभी होते. पहिल्यांदा आत्या बोलली. घरातली गोष्ट गावभर केली, आपल्याला कुणा येऱ्यागैऱ्याकडून शिकायची वेळ आली, उद्यापासून कळंबा बंद. अण्णांनी पुन्हा चपला घातल्या. कपडे न बदलता तसेच फिरायला गेले. मला वाटलं, झालं, आता ते कधीच बोलणार नाहीत. तो आठवडा फार वाईट गेला. शाळेत मैत्रिणीवरही मी चिडले. "तुझ्या आबांनी यायला नको होतं," असं म्हणाले. ती म्हणाली, "मग तू रडायला नको हुतंस." दोन दिवस आम्ही बाकावर मध्ये दप्तरं ठेवून बसलो.

पुढच्या रविवारी दुपारी आत्या कीर्तनाला गेली होती. भाऊ बाहेर खेळत होता. मी आतल्या खोलीत पडले होते, झोपलेय असं त्यांना वाटलं असावं. आई पुढच्या खोलीत तांदूळ निवडत होती. अण्णा तिथंच बसले होते. एकाएकी आईचा आवाज आला. अगदी साधा, भाजी काय करू असं विचारावं तसा.

"मी बारा वर्षांची झाले, आणि माझ्या वडिलांनी मला हाक मारणं सोडलं. सांगायचं ते आईला सांगायचे. मग लग्न होऊन मी इथं आले. ते गेल्याची तार आली, तेव्हा तुम्ही मला म्हणालात, रड, मोकळी हो. आठवतं?"

अण्णा हूं म्हणाले.

"मला रडूच येईना. तुम्हांला वाटलं, धक्का बसलाय. तसं नव्हतं. मला त्यांचा आवाज आठवेना. पुष्कळ प्रयत्न केला." सुपातले तांदूळ पाखडल्याचा आवाज आला. "तुम्हांला हिचं तसं व्हायला हवं असेल, तर चाललंय ते बरोबर चाललंय."

आईला एवढं सलग बोलताना मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. अण्णांनी काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही.

तासाभरानं ते आतल्या खोलीच्या दारात आले. हातात काकवीचा रिकामा डबा होता. रिकामा नव्हता, रिकामा डबा परत द्यायचा नाही म्हणून आईनं त्यात चिवडा भरला होता. अण्णा डब्याकडे बघत म्हणाले, "हा परत द्यायचाय. चल."

आम्ही चालत निघालो. पेठ संपली, घरं विरळ झाली, दोन्ही बाजूंना ऊस लागला. अण्णा दोन पावलं पुढं, मी मागं. बऱ्याच वेळानं ते न थांबता म्हणाले, "तुला राग आलाय माझा?"

"नाही," मी म्हणाले. "मला वाटलं तुम्हांला आलाय."

तेव्हा ते थांबले. "मला? कशाचा?"

"माहीत नाही."

त्यांनी डबा या हातातून त्या हातात घेतला. "मी कशाला रागावू गं? मुलगी मोठी झाली की बापानं कसं वागायचं, मला कुणी सांगितलं नव्हतं. अक्का म्हणाली, आता लांब राहायचं. मी राहिलो. मला वाटलं, तुलाही तेच बरं वाटत असेल."

आम्ही पुन्हा चालू लागलो, आता बरोबरीनं. थोडं पुढं गेल्यावर अण्णा म्हणाले, "पेपर तपासायला फार वेळ लागतो हल्ली. बेरजा चुकतात."

अण्णा यापेक्षा जास्त कधीच काही म्हणाले नाहीत. त्या दिवशी मला तेवढं पुष्कळ झालं.

आबांनी आम्हांला लांबूनच बघितलं. "या मास्तर, या पावणं! मी हिला म्हटलंच हुतं, येतील म्हणून."

अण्णा म्हणाले, "डबा परत द्यायला आलो होतो."

"आणि त्यासाठी येवढं चालत आलासा? पोरीनं शाळंत आणला असता की."

अण्णा एकदम हसले. मी त्यांना कित्येक महिन्यांत हसताना बघितलं नव्हतं. दोघं खाटेवर बसून तंबाखूच्या पिकाबद्दल, कळंब्याच्या तलावातल्या पाण्याबद्दल आणि पोरांच्या शाळेबद्दल बोलत राहिले. आम्ही दोघी विहिरीच्या काठावर बसून चिवडा खाल्ला. दप्तरांचा विषय कुणीच काढला नाही.

घरी आत्या काही दिवस धुसफुसत राहिली. पण मी अण्णांच्या शेजारी बसून गुण मोजू लागले, तेव्हा तिनं आम्हांला उठवलं नाही. आज मला तिच्याबद्दल तेव्हासारखा राग वाटत नाही. मी तेरा वर्षांची होऊन चार दिवस बाजूला बसले होते. ती त्याच वयाची असताना कपाळ पुसून जी बाजूला बसली, ती कायमचीच. लांब राहणं हेच तिला शिकवलं होतं, आणि तेच ती आम्हांला देत होती. एकदा तिनं माझ्या केसांना तेल लावताना विचारलं, "ते सायकलवर बसल्यावर भीती नाही वाटत गं?" मी म्हणाले, "पहिल्यांदा वाटते." तिनं वेणी जरा जास्तच घट्ट घातली.

पण गोष्ट इथं संपली नाही.

पुढच्या वर्षी फाल्गुनात मैत्रीण शाळेच्या भिंतीवर बसून मला म्हणाली, "आबानं माझ्या लग्नाची सुपारी फोडली. राधानगरीच्या बाजूचं हाईत. भातशेती हाय, म्हशी हाईत."

"तुला विचारलं?"

"मला कशाला इचारतोय?"

माझा विश्वासच बसेना. काटा काढणारे तिचे आबा, सगळ्या जगाला बोल म्हणून सांगणारे. मी घरी येऊन अण्णांना म्हणाले, "तुम्ही सांगा की त्यांना. तिला मॅट्रिक तरी होऊ दे." अण्णा दुसऱ्याच दिवशी एकटे कळंब्याला गेले. परत आले तेव्हा बराच वेळ चपला काढत बसले. म्हणाले, "मी बोललो. ते म्हणाले, मास्तर, तुमचं तुमच्यापाशी बराबर हाय, आमच्यात असंच करतात. पुढं मला बोलता येईना."

लग्नात आबा मांडवात सगळ्यांदेखत मोठ्यानं रडले. मला त्यांच्याकडे बघवेना, आणि मैत्रीण तर त्यांच्याकडे बघतच नव्हती.

मी मॅट्रिक झाले, कॉलेजात गेले. मला पुढं शिकवायचं ठरलं तेव्हा आत्यानं एकदाच विरोध केला, आणि अण्णांनी पहिल्यांदाच तिच्या तोंडावर तिचा शब्द मोडला. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी मी एस.टी.नं राधानगरीच्या बाजूला मैत्रिणीकडे गेले. तिच्या कडेवर दीड वर्षाची मुलगी होती. ती आधीसारखीच मोठ्यानं बोलत होती, फक्त अंगानं भरली होती.

मी विचारलं, "आबांशी बोलतीस?"

"बोलते की. पयलं वरीस न्हाय बोलले. सणाला गाडी घेऊन न्यायला यायचा, मी मागं तोंड करून बसायची. त्यो आपला रस्ताभर बडबडायचा, बैलांशी, माझ्याशी. मग एक दिवस बैलांकडंच बघून म्हणाला, चुकलं माझं, लेकी." ती मुलीचं नाक पुसत होती. "मग किती दिवस न बोलता र्‍हायचं?"

मग तिनं मला जेवायला वाढलं आणि समोर बसून विचारायला सुरुवात केली. कॉलेजात मुली किती असतात, पोरं त्यांना बघून काय म्हणतात, प्रयोगशाळेत काय काय असतं, भूमिती अजून असते का, शेजारी बाकावर कोण बसतं. प्रत्येक उत्तर ती अगदी लक्ष देऊन ऐकत होती. माझी गाडी साडेचारला होती. ती मुलीला घेऊन थांब्यापर्यंत आली, आणि गाडी सुटली तेव्हाही तिचं विचारायचं संपलं नव्हतं.